ज्याची त्याची जागा

मे महिन्यातली दुपार, मेढ्याजवळचं आजोळ आणि गेलेली लाईट. पंखा थांबला तशी माणसं घरभर पांगली. मामी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, मामा ओट्याच्या खांबाला टेकून, मांजर रांजणाखाली. मी अंगणात जोत्याला पाठ लावून बसलो. कुणी कुणाला ‘इथं बस’ म्हणालं नाही. मला एसटीतही डाव्या बाजूची, मागच्या चाकाच्या अलीकडचीच खिडकी लागते. ती गेली असेल तर मी पुढची गाडी बघतो. घरचे हसतात. हसोत.

मासेही असेच हट्टी, हे मला मामांमुळे कळलं. सुट्टीत आम्ही पोरं पंचा घेऊन ओढ्यात उतरायचो आणि जिथं काही चमकेल तिथं धावायचो. मामा काठावरून ओरडायचे, “आरं, मासं काय बघतूस, दगुड बघ!”

मग दगड बघायला लागलो. पाणी फेसाळत उतरतं तिथल्या दगडावर मळ्या. बोटाएवढा, पोट सपाट, खालच्या ओठामागं एक चकती. तिनं दगड धरून तो भर धारेत बसतो आणि शेवाळ खरवडतो. हात जवळ नेला की सुटायचा आणि वीतभर पुढं जाऊन परत चिकटायचा. पंचा कोरडा राहिला असता तरी चाललं असतं, इतका वेळ मी नुसतं ते सुटणं-चिकटणं बघत बसायचो. मुरा म्हणजे दुसरं टोक. दगडाखालच्या वाळूत मिशा काढून पडलेला, अंगावर असे पट्टे की वाळूच हलली असं वाटावं. त्याच्यासाठी दगड अलगद उचलायचा. पाणी गढूळ झालं की खेळ संपला. झाडाच्या सावलीत, संथ पाण्यात वरच्या वर फिरणाऱ्या चपळ मासोळ्या पडणाऱ्या किड्याची वाट बघायच्या. आणि मोठ्या खवल्यांचा खडस वेण्णेच्या खोल डोहात. तो मी कधी पाहिला नाही. मामांनी पाहिलाय, आणि दरवर्षी तो वीतभर वाढतो.

साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा इथलीच नावं उचलून लॅटिनमध्ये बसवली. आजही शास्त्राच्या पुस्तकात मळ्या ‘गारा मुल्या’ आहे, खडस ‘टॉर खुद्री’, आणि एका मुऱ्याच्या नावात ‘मूरेह’ आहे. मला नेहमी वाटतं, गुडघाभर पाण्यात उभा राहून कुणीतरी भोई नावं सांगत असणार आणि साहेब काठावर लिहून घेत असणार. मळ्याचं नाव राहिलं. भोयाचं काय होतं कुणास ठाऊक.

“मामा, उन्हं उतरली की ओढ्यावर जाऊया का?”

“कशाला? बंधाऱ्यात चिलापी हाय. ती बाजारात बी मिळती.”

चिलापी मूळची आफ्रिकेची. साचलेल्या पाण्यात खुशाल नांदते, तिला धार लागत नाही, दगड लागत नाही. मळ्याचं तसं नाही. पाणी दगडांवर आपटतं तेव्हा त्यात हवा मिसळते, उथळ दगडावर ऊन पोचतं म्हणून शेवाळ धरतं. बंधाऱ्यानं पाणी थांबलं, गाळ बसला, की त्याचं बिऱ्हाड मोडलंच.

“पण बंधाऱ्याच्या वर? तिथं धार असंल की.”

“धार हाय पावसाळ्यात. दगुड कुठं ऱ्हायलंत?” मामांनी बसल्या जागेवरून जोत्यावर थाप मारली. “हे काय. घर बांधलं तवा तीन ट्रॉल्या आणल्या.”

मी मान वळवून पाहिलं. सिमेंटच्या दरजांमध्ये बसवलेले गुळगुळीत गोटे. माझ्या खांद्यापाशी एक रुंद, सपाट पाठीचा होता. मळ्यानं हाच निवडला असता.

तेवढ्यात लाईट आली. मामी उठून आत गेली. मांजर रांजणाखालून हललं नाही. मीही नाही. जोतं अजून गार होतं.