एका पुस्तकाले दोन महिने काहून पायजे?

"सात दिवसांत परत करा लागते, भाऊ." तालुक्याच्या वाचनालयातलं हे वाक्य मी एवढ्यांदा ऐकलं की त्याचा राग अजून गेला नाही. म्हणून हे लिहितोय.

माझं वावर यवतमाळ जिल्ह्यात, सहा एकर. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात राग बसला. बियाणेवाल्यावर, कृषी केंद्रावर, सरकारवर, शेवटी घरच्यांवर. दिवसभर फोनवर येईल ते वाचायचो. कोणी लिही हे फवारा, कोणी लिही ते फवारा. वाचून संताप वाढायचा, वावरात काय करायचं ते कळायचं नाही. गावातल्या निवृत्त गुरुजींनी एक दिवस सरळ सांगितलं, "हे सारं बंद कर. दोन पुस्तकं घे. एक डोक्यासाठी, एक काळजासाठी. पण दोनदा वाच."

डोक्यासाठीची म्हणजे कापसाच्या किडींवरची कृषी विद्यापीठाची पुस्तिका, ती एका फेरीत मिळाली. काळजासाठी त्यांनी महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' सांगितला, आणि तिथून माझ्या वाचनालयाच्या फेऱ्या सुरू झाल्या.

पहिल्या फेरीत फॉर्म मिळाला. फोटो, आधारची झेरॉक्स, डिपॉझिट आणि दोन जुन्या सभासदांच्या सह्या. गुरुजींची एक झाली. दुसरा सभासद मी खेड्यातून आणू कुठून? तिसऱ्या फेरीत पेपर वाचत बसलेल्या एका काकांनी ओळख नसताना सही केली, त्यांचे उपकार विसरणार नाही. वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. आमची शेवटची एसटी साडेपाचला, म्हणजे संध्याकाळ गेली. सकाळी जावं तर पुस्तकांच्या कपाटाला कुलूप आणि चावी ज्यांच्याकडे ते लग्नाला. कापूस वेचणीच्या दिवसांत एक फेरी म्हणजे अर्धा दिवस आणि तिकिटाचे पैसे. (डिपॉझिटची पावती मागून घ्या. मला चौथ्या फेरीत मागून घ्यावी लागली.)

पाचव्या फेरीत पुस्तक हातात आलं आणि सोबत ते सात दिवस. असूडाची प्रकरणं पाचच, पण भाषा 1883 ची. दिवसभर वावरात राबून रात्री चार पानांच्या वर जात नाही. सातव्या दिवशी मी दुसऱ्या प्रकरणात होतो. मुदत वाढवायला पुस्तक घेऊन स्वतः या, म्हणे. गेलो. पुढच्या आठवड्यात परत गेलो. तिसऱ्यांदा टेबलावरच्या भाऊंनी विचारलं, "एका पुस्तकाले दोन महिने काहून पायजे तुम्हाले?" मला रडू येईल की भांडण होईल, तेच कळेना. कास्तकारानं हळू वाचू नये असं कुठं लिहिलंय? विकत घ्या, असंही लोकांनी सांगितलं. पण शासनमान्य वाचनालय आहे, अनुदान घेतं, ते माझ्यासारख्यासाठीच ना?

भांडलो नाही. पुस्तकाच्या शेवटी तारखांचा कागद चिकटवलेला असतो, तो उघडून दाखवला. माझ्या आधीची तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. कोणीच मागत नाही तर मला घाई कशाची? मग सचिवांच्या नावानं साध्या कागदावर अर्ज लिहिला: दुसऱ्या कोणी मागितलं तर लगेच आणून देईन, तोवर दोन महिने राहू द्या, मुदत फोनवर वाढवा. नऊ दिवसांनी सही झाली. तुमचं असं अडलं तर तोंडी बोलत बसू नका, पहिल्याच दिवशी अर्ज द्या आणि आवक शिक्का मारून घ्या. तरी हललं नाही तर वर जिल्हा ग्रंथालय अधिकारी असतात.

पहिल्या वाचनात मी नुसता पेटलो. विद्या नाही म्हणून मती गेली, मतीविना नीती, नीतीविना गती, गतीविना वित्त, ही सुरुवातच छातीत बसते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून वाचायचो, हे सांगायचं राहिलं. दुसऱ्यांदा वही घेऊन बसलो तेव्हा दिसलं की ती साखळी म्हणजे हिशोब आहे. एका कारणातून दुसरं निघतं. एवढा संतापलेला माणूस शेवटी बांध घाला, पाणी अडवा, जनावरांची पैदास सुधारा इथवर येतो. गुरुजींनी काळजासाठी दिलेलं पुस्तक डोक्याचंही निघालं. माझा राग आठ वर्षं कशावरच पोचला नव्हता.

मग विद्यापीठाची पुस्तिका पुन्हा काढली. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, फरदड (हंगाम संपल्यावरही झाड ठेवून घेतलेला कापूस) घेऊ नका, हे वाक्य मी आधी वाचून सोडून दिलं होतं. आता 'का' म्हणून थांबलो. उरलेल्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत बसते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन निघते. बीटीच्या, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या बियाण्याच्या, 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची बिगर बीटी पुडी यायची, ती मी दरवर्षी फेकली होती. ती वावराच्या कडेनं लावायची असते, म्हणजे बीटीला न सरावलेल्या अळ्याही टिकतात आणि बीटीचा असर लवकर जात नाही, हेही आता कळलं. शेजारी फवारतो म्हणून फवारायचो. यंदा कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा सापळा) पतंग मोजले, सलग तीन रात्री आठ-आठ आले तेव्हाच पंप उचलला.

उपटायच्या दिवशी माय धुऱ्यावर उभी राहिली. झाडांना अजून बोंडं होती. "भरलं झाड काहून उपटतं रे?" आधीचा मी तिच्यावर ओरडलो असतो, नाहीतर तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून थांबलो असतो. मी एक हिरवं बोंड फोडून तिच्या तळहातावर ठेवलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. माय बराच वेळ पाहत राहिली, मग पदर खोचून वावरात उतरली.

पुस्तक फेब्रुवारीत परत केलं. आता ग्रामगीता आणली आहे. 41 अध्याय आहेत, दोन महिन्यांत होणार नाहीत, तसा अर्ज यावेळी सोबतच नेला होता.