भिंती आधी, टक्के नंतर

थ्रीडी प्रिंटचं काम घेऊन येणारा माणूस प्लास्टिक कुठलं ते विचारत नाही आणि जोर कुठून येणार तेही सांगत नाही. पहिलं वाक्य ठरलेलं: "शंभर टक्के भरून द्या, मोडायला नको." शिरोली एमआयडीसीतले शॉपवाले हेच म्हणतात आणि प्रोजेक्टची घाई झालेली इंजिनिअरिंगची पोरंही. "वाकणार कुठल्या बाजूला?" असं मी विचारलं की बहुतेक जण गप्प.

इन्फिल म्हणजे पार्टच्या आतली जाळी. स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे थर पाडून प्रिंटरसाठी फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ती सहसा 15-20 टक्क्यांवर असते. आकडा डोळ्यांसमोरच दिसतो, म्हणून सगळे त्यालाच हात घालतात. बाहेरच्या भिंती किती, म्हणजे पार्टच्या कडेनं प्लास्टिकचे किती फेरे, हा रकाना मात्र कुणी उघडतच नाही. ताकद तिथंच असते.

हिशेब करून बघा. 20 बाय 20 मिलिमीटरचा चौकोनी भरीव दांडा घ्या. त्याच्या मधला 10 बाय 10 चा गाभा एकूण प्लास्टिकचा पाव हिस्सा खातो, पण वाकण्याला होणाऱ्या विरोधात त्याचा वाटा फक्त सोळावा, म्हणजे जेमतेम 6 टक्के. वाकताना सगळ्यात जास्त ताण कडेला येतो, मध्यरेषेवर तो शून्य असतो. आता तोच दांडा आतून रिकामा ठेवून 0.45 मिलिमीटरच्या दोन भिंती द्या. प्लास्टिक लागतं 17 टक्के आणि ताठपणा मिळतो भरीव दांड्याच्या 31 टक्के. चार भिंती केल्या की प्लास्टिक 33, ताठपणा 55. लेथवर हात काळे केलेल्याला हे नवीन नाही. पोकळ शाफ्ट काय उगाच करतात?

मग जाळी हवी कशाला? भिंती आत दबू नयेत आणि वरचे थर अधांतरी लोंबू नयेत म्हणून. लाइटनिंग नावाचा प्रकार तर फक्त वरच्या थरांना टेकू देतो. शोभेच्या वस्तूला ठीक, जोराच्या कामाला बाद. ग्रिड म्हणजे चौकटीच्या जाळीत रेषा एकाच थरात एकमेकींना ओलांडतात, त्यामुळं वेगात प्लास्टिक सोडणारं नोझल तिथं खरवडत जातं, तो आवाज मला सहन होत नाही. मी जायरॉइड वापरतो. नासातल्या अ‍ॅलन शोएन यांनी 1970 मध्ये मांडलेला हा वळणावळणाचा पृष्ठभाग. त्याच्या रेषा एका थरात कुठंच छेदत नाहीत आणि तिन्ही दिशांना तो जवळपास सारखाच विरोध करतो. 25 टक्क्यांच्या पुढं मी क्वचितच जातो.

शंभर टक्क्यांचा तोटा नुसता पैशांचा नाही. एबीएस प्लास्टिकचा मोठा भरीव ठोकळा थंड होताना आक्रसतो आणि कोपरे प्रिंटरच्या बेडवरून उचलले जातात. पीएलए हे प्लास्टिक तर साठेक अंशांना मऊ पडायला लागतं. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत भरीव पार्टही वाकडा होणार, तिथं आतली भर काय करील?

आणि थरांची दिशा. एल आकाराचा ब्रॅकेट उभा छापला की कोपऱ्यात थरावर थर येतात आणि ओढ नेमकी त्या सांध्यांना उकलायला बघते. तोच आडवा, कुशीवर झोपवून छापा: प्लास्टिकचे धागे कोपऱ्यातून सलग वळून जातात. वजन तेवढंच, टक्के तेवढेच, आणि फरक हातानं वाकवून कळण्याइतका. मला एकच सेटिंग निवडायला सांगितलं तर मी हीच निवडेन, पण ती सेटिंगच्या यादीत नसते, ती डोक्यात ठरवावी लागते.

भर खरोखर लागते ती बोल्टच्या भोकापाशी. नट आवळला की आतली पोकळ जाळी चिरडते आणि पकड सैल होते. त्यासाठी अख्खा पार्ट भरायची गरज नाही. स्लायसरमध्ये भोकाभोवती मॉडिफायर म्हणून एक सिलिंडर ठेवायचा आणि तेवढ्याच जागेत भर वाढवायची. दुसरी युक्ती मला जास्त आवडते: मॉडेलमध्येच, जिथं ताण आहे तिथं, केसाएवढी बारीक चीर द्यायची. स्लायसरला ती बाहेरची कड वाटते, म्हणून तो तिच्या दोन्ही अंगांना भिंती घालतो आणि पार्टच्या पोटात एक फासळी तयार होते. चीर फारच बारीक ठेवली तर काही स्लायसर ती बुजवून टाकतात, त्यामुळं प्रीव्ह्यूमध्ये थर सरकवत खाली येऊन भिंती पडल्यात का ते बघायचं, मगच फाइल प्रिंटरला.