मुकं स्वयंपाकघर

बुकिंगच्या फॉर्मवर एक वाक्य येतं, त्याला मी शेंगदाण्यापेक्षा जास्त घाबरते. ‘थोडी अ‍ॅलर्जी आहे, पण माझं मी बघून घेईन.’ ज्याला खरंच त्रास होतो तो माणूस बहुधा संकोची असतो, आपल्यापायी कुणाला वेगळं ताट करावं लागू नये असं त्याला वाटतं. ज्याला काहीच होत नाही तो ‘ग्लुटेन अजिबात चालत नाही’ असं खाली दोन रेघा मारून लिहितो आणि चार वाजता केकच्या दोन फोडी उचलतो. नऊ वर्षं हेच बघतेय.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका क्वेकर शिबिरगृहात स्वयंपाकघराची प्रमुख आहे. क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ. प्रमुख म्हणजे मी, आठवड्यातून तीन दिवस येणारी एक मदतनीस आणि उन्हाळ्यात राहून काम करणारी स्वयंसेवक पोरं. मूळची वर्ध्याची. नवीन होते तेव्हा वर्धा हे नाव ऐकल्याबरोबर एका वयस्कर बाईंनी विचारलं, ‘मग मार्जरी साइक्स माहीत असतील?’ सेवाग्रामला नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचं काम केलेली ही इंग्रज क्वेकर बाई. शाळेच्या सहलीत मी किती वेळा बापूकुटीपुढे रांगेत उभी राहिले असेन, पण हे नाव ऐकलं ते इथे, भांडी विसळताना.

आमचा भाग म्हणजे या लोकांची पंढरीच. १६५२ मध्ये पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स पेंडल टेकडीवर चढला, मग फरबँक फेलच्या खडकावरून हजारभर माणसांपुढे बोलला, आणि पुढे स्वार्थमूर हॉलमध्ये मार्गारेट फेल या बाईच्या घरी पंथाला आसरा मिळाला. या पट्ट्याला ते ‘१६५२ कंट्री’च म्हणतात. बूट आवळून दिवसभर हिंडतात आणि संध्याकाळी ओले मोजे आमच्या रेडिएटरवर वाळत घालतात. बर्मिंगहॅमला वुडब्रुक नावाचं त्यांचं मोठं केंद्र होतं, चॉकलेटवाल्या जॉर्ज कॅडबरीच्या जुन्या घरात १९०३ पासून चालत आलेलं. गोलमेज परिषदेसाठी १९३१ मध्ये आलेले गांधीजी तिथे राहून गेले होते. ती वास्तू २०२३ मध्ये बंद झाली. अभ्यासवर्ग बरेचसे ऑनलाइन गेले, तरी ज्यांना चार भिंतीत एकत्र बसायचं असतं ते आमच्यासारख्या लहान घरांकडे वळतात. कामं वाढली. पगाराचं विचारू नका.

त्यांची उपासना म्हणजे शांत बसणं. पाद्री नाही, वेदी नाही. गोल मांडलेल्या खुर्च्यांवर तासभर बसायचं. आतून रेटा आलाच तर कुणीही उभं राहून चार वाक्यं बोलावी आणि बसावं. त्यावर कुणी उत्तर देत नाही. तास संपला की दोघं हस्तांदोलन करतात, मग सगळे. माझा भाऊ इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलाय. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, ‘मधेच बोलायची मुभा असेल तर ते मौन कसलं?’ मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, की मुभा असताना गप्प राहणं जास्त अवघड असतं.

बाकी शिबिरांत चित्रकला, जर्नल लिहिणं, बायबलवाचन असं काहीबाही चालतं. पण वर्षातून पाच-सहा शिबिरं पूर्ण मौनाची. शुक्रवारी संध्याकाळी फोन टोपलीत ठेवायचे, ते रविवारी जेवणानंतर परत. जेवणंसुद्धा मुकी. आणि इथे माझा अभिमान येतो, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मौनाच्या शिबिरात माझ्या स्वयंपाकघराचा आवाज बाहेर जात नसे. चॉपिंग बोर्डाखाली ओला पंचा. स्टीलचे झारे-चमचे बंद, लाकडी उलथनी. ओव्हनचं दार दोन बोटं उरलं की हातानं धरून लावायचं. फ्रीजच्या रबराला मी साबणाचं बोट फिरवते, म्हणजे उघडताना तो ‘चक्’ वाजत नाही. फोडणी अकराच्या आत उरकायची, कारण मोहरीला तडतडू नको असं कुणी सांगू शकत नाही. वाफेचा पंखा घंटेच्या पाव तास आधी बंद. आणि आम्ही आपसात बोलायचं नाही, सगळं हातांनी. बोट वर म्हणजे मीठ, मूठ म्हणजे थांब, तळवा फिरवला की ढवळ. शिबिर चालवणाऱ्या एका फॅसिलिटेटरनं एकदा लिहिलं होतं, ‘स्वयंपाकघरही आमच्यासोबत प्रार्थनेत होतं.’ तो कागद मी घरी नेऊन ठेवलाय.

त्या शनिवारी १९ जण होते. दुपारी गाजर-मसुराचं सूप, पाव, भाजलेला फुलकोबी, हिरव्या पानांचं सॅलड आणि त्यावर घालायला दोन ड्रेसिंग्ज. एक ताहिनीचं, म्हणजे तिळाचं. दुसरं मोहरी-लिंबाचं. दोन्ही पिवळट, दोन्ही घट्टसर, आणि दोन्ही एकाच सेटमधल्या बरण्यांत, कारण तो सेट देखणा आहे. इथल्या कायद्यात १४ अ‍ॅलर्जींची यादी आहे, तिच्यात तीळही आहे आणि मोहरीही. म्हणून प्रत्येक पदार्थापुढे कार्ड. मुक्या जेवणात तर कार्ड म्हणजे सगळं काही, कारण ‘यात काय आहे हो?’ असं कुणी विचारणार नसतं.

तिळाची अ‍ॅलर्जी एकीला होती. फॉर्मवर तेच वाक्य, ‘माझं मी बघून घेईन.’

स्वयंसेवक मुलगा त्या आठवड्यातच आलेला, एकोणीस वर्षांचा. मधल्या टेबलापलीकडे तो उभा, अलीकडे मी. बरण्या मधे, कार्डं त्याच्या हातात. मी बोटानं दाखवलं, हे कार्ड उजवीकडच्या बरणीला, ते डावीकडच्या. त्यानं मान डोलावली आणि घेऊन गेला. मी माझा उजवा हात दाखवत होते. त्याचा उजवा दुसरीकडे होता.

वाढण्याच्या खिडकीतून मला जेवणघर दिसतं, पण कार्डांच्या पाठी दिसतात.

सूप संपत आलं असेल. ती बाई चमचा ठेवून उठली. खुर्ची अगदी हळू मागे सरकवली, आवाज होऊ नये म्हणून. दाराशी गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मौनाच्या शिबिरात जेवताना लोक उठून जातात, बाहेर जाऊन रडतात, हे नेहमीचं आहे. अशा वेळी कुणी मागे जायचं नाही, त्या माणसाला त्याचा अवकाश द्यायचा, असं यांचं वळण. बऱ्याचदा ते योग्यच असतं. दोघीतिघींनी तिच्याकडे पाहिलं आणि मायेनं नजर खाली वळवली. तिचं तोंड लाल झालं होतं, डोळ्यांत पाणी होतं. रडणंच वाटावं.

मला दिसला तो तिचा हात. रडणारी बाई डोळे पुसते, तोंड झाकते. हिनं गळा धरला होता.

त्यानंतर मी जी ओरडले ते मराठीत ओरडले, असं मदतनीस सांगते. मला आठवत नाही. पिशवी तिच्या खोलीत, वरच्या मजल्यावर. ‘पेन, पेन’ एवढंच तिच्या तोंडून निघालं. पेन म्हणजे अशा वेळी स्वतःच टोचायचं औषधाचं इंजेक्शन. पोरगा जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत गेला. पेन मांडीच्या बाहेरच्या अंगाला, पँटवरूनच टोचलं. कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ९९९ लावला. तिला चालू द्यायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती मात्र बाथरूमकडे जायला धडपडत होती. श्वास लागलेला, म्हणून पाठीला उशा देऊन बसवलं आणि पाय पुढे लांब ठेवले. पाच मिनिटांत फरक दिसेना तेव्हा दुसरं पेन. दोन पेनं कायम जवळ ठेवा असा सल्ला इथे देतात तो कशासाठी, ते त्या दिवशी कळलं. अ‍ॅम्ब्युलन्सला पस्तीस मिनिटं लागली. आमच्या रस्त्याला ती लवकरच म्हणायची.

रात्री तिला हॉस्पिटलात ठेवून घेतलं. रविवारी दुपारी सामान न्यायला आली, तेव्हा हातात माझ्यासाठी फुलं. ‘चूक माझी, मी फॉर्म नीट भरायला हवा होता.’ इंग्रज माणसाच्या पायावर तुम्ही पाय दिलात तर तो तुम्हाला सॉरी म्हणतो, हे ऐकून होते.

त्याआधी सकाळी उपासना झाली. मी एरवी बसत नाही, त्या दिवशी बसले. वीस-पंचवीस मिनिटांनी एक आजोबा उठले, ऐंशीच्या पुढचे. क्वेकरांत मिस्टर-मिसेस लावत नाहीत, लहानथोर सगळे नावानं. मला ते अजून जमत नाही, मनातल्या मनात मी काका म्हणते. काका म्हणाले, ‘काल मी त्याच बरणीतून घेतलं होतं. कार्ड मोहरीचं होतं, चव तिळाची होती. मला कळलं होतं. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात सांगू म्हटलं. मला शांतता मोडायची नव्हती.’ आणि बसले.

कुणी काही बोललं नाही. बोलायचं नसतंच. मला त्यांचा इतका राग आला की खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले. अरे, एक शब्द! नुसतं खाकरला असतात तरी!

मग रात्री झोप लागेना तेव्हा लक्षात आलं, की मौन पाहुण्यांना सांगितलेलं होतं. स्वयंपाकघराला ते कुणीच, कधीच सांगितलेलं नव्हतं. ते माझं होतं. ‘तीळ इकडे, मोहरी तिकडे’ हे चार शब्द मी त्या पोराला बोलले असते तर पलीकडे कुणाला ऐकूही गेले नसते.

तीन आठवड्यांनी समितीची बैठक झाली. यांच्या बैठकीत मतदान नसतं. विषय मांडायचा, शांत बसायचं, क्लार्कनं, म्हणजे बैठक चालवणाऱ्यानं, खुणावलं की एकेकानं बोलायचं, आणि ठरावाचा मसुदा क्लार्कनं तिथेच लिहून वाचून दाखवायचा. त्याला मिनिट म्हणतात. ‘हे मिनिट मान्य आहे का?’ असं विचारल्यावर लोक ‘हो’ म्हणत नाहीत. ‘होप सो’ म्हणतात. आशा आहे. मला ही पद्धत फार आवडायची.

क्लार्कबाईंनी वाचलं, ‘पदार्थांच्या कार्डांबाबत चूक झाली.’ मी उभी राहिले. म्हटलं, चूक झाली नाही, मी केली. आपल्याकडेही ही सोय आहेच. दूध उतू जातं, कप फुटतो, चूक होते, घरात कुणी म्हणून काही करत नाही. क्लार्कबाई थांबल्या. बराच वेळ शांतता. मग कुणीतरी म्हणालं, एकट्या व्यक्तीवर भार टाकणं आपल्याला शोभणार नाही. नवा मसुदा झाला: आमच्या कामाच्या पद्धतीत उणीव होती आणि ती आम्ही सर्व मिळून आपली मानतो. होप सो, होप सो, होप सो. मी म्हटलं नाही. दोन जणींनी जाताना मला मिठी मारली आणि मला खरं सांगायचं तर कुणीतरी झापायला हवं होतं. ते काम शेवटी आईनं फोनवर केलं. ‘तोंड नव्हतं का वं तुले?’

घरी येऊन मी समितीला दिलेला माझा स्वतःचा अहवाल पुन्हा काढला. दुसऱ्या पानावर, माझ्याच अक्षरात: ‘तोंडी सूचना दिली गेली नाही.’

आता तिळाची बरणी मातीची, तपकिरी, तिच्यासारखं दुसरं भांडं घरात नाही. फॉर्मवर काहीही लिहिलेलं असो, अ‍ॅलर्जीचं ताट वेगळं, झाकून, नाव घालून, पाहुण्याच्या हातात. मौन सुरू होण्याआधी मी जेवणघरात उभी राहून प्रत्येक पदार्थात काय आहे ते मोठ्यानं सांगते. काका अजून येतात. मी तीळ म्हटलं की मान हलवतात, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळते. पोरांना म्हटलंय, आत बोला, विचारा, भांडलात तरी चालेल. स्टीलचे झारे परत आलेत.

गेल्या महिन्यात अभिप्रायांत एक कार्ड आलं. ‘जेवण उत्तम. स्वयंपाकघरातून फार आवाज येतो, त्यामुळे एकाग्रता भंगली.’ ते मी १४ नावांच्या तक्त्याशेजारी चिकटवलंय. मदतनीस म्हणते, काढ ते, बरं दिसत नाही.