वेळ ९ ची, नंबर ३:४० ला: कलाशाळेची ऑडिशन देऊन आल्यावर

पाठांतर कसं करावं, पेन्सिली कुठल्या घ्याव्यात, हे यात नाही. ते तुम्हाला येत असणारच, नाहीतर एवढ्या लांब कशाला जाल? मी नाट्य विभागासाठी गेले होते, धाकटा भाऊ चित्रकलेसाठी. इमारत एक, दिवस एक. लिहायला बसले ते दोन गोष्टींच्या रागातून. एक कॉरिडॉर आणि एक झेरॉक्स.

झेरॉक्सचं आधी सांगते. ऑडिशनच्या तीन आठवडे आधी मी दोन दिवसांची 'खास तयारी कार्यशाळा' केली. शाळेचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता, पण बोलणं असं की पॅनेलच्या मनातलं फक्त यांनाच कळतं. माझ्या नेहमीच्या क्लासची चार महिन्यांची फी त्या दोन दिवसांत गेली. हातात काय पडलं, तर स्वगताचं एक पान, शेवटची ओळ मशीनमध्ये अर्धी कापलेली. कुठे थांबायचं, कुठे हात छातीशी न्यायचा, कुठल्या शब्दावर मान फिरवायची, सगळ्याच्या पेन्सिलने खुणा. "हे हमखास चालतं," म्हणाले. मीही शहाणी, रोज घोकत बसले.

रात्रीच्या गाडीने निघून सकाळी थेट शाळेत पोचलो. हे करू नका. रात्रभर एसीची कोरडी हवा खाल्ली आणि सकाळी माझा आवाज कुणा दुसरीचाच वाटत होता. स्टेशनवर उतरल्या उतरल्या बाटलीभर पाणी प्यायले, पण त्याने लगेच काही होत नाही. पाणी स्वरतंतूंवरून वाहत नाही, ते पोटात जातं आणि शरीरात मुरून तिथवर पोचायला तास लागतात. प्यायचं तर आदल्या दिवसापासून. जमलं तर आदल्या दिवशी पोचा आणि इमारतीला एक फेरी मारून या. स्वच्छतागृह कुठे, जिने किती, एवढं कळलं तरी सकाळचं अर्धं दडपण जातं.

आता कॉरिडॉर. पत्रात वेळ होती ९. ती हजेरीची वेळ असते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. माझा नंबर लागला ३:४० ला. मी आपली ८:३० ला कोपऱ्यात उभी राहून सगळं साग्रसंगीत करून मोकळी झाले होते. खांदे, जबडा, जीभ, श्वास, सगळं. १०:३० पर्यंत अंग थंड. पुन्हा सगळं केलं. १ वाजता तिसऱ्यांदा केलं तेव्हा पायच दुखायला लागले. लादीवर बसलेली शंभरेक पोरं, प्रत्येकाचे ओठ हलतायत, आणि दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम वळतात.

माझ्या शेजारी बासरीवाला मुलगा होता. त्याने बासरी सबंध वेळ जॅकेटच्या आत अंगाशी धरून ठेवली होती. विचारलं तर म्हणाला, गार बासरी खाली बोलते. आत गेल्यावर साथीच्या सुराशी जमेपर्यंत वेळ संपते. तारवाद्यवाल्यांचं दुखणं वेगळं. थंड कॉरिडॉरमधून गरम हॉलमध्ये गेलं की तारा उतरतात, तेव्हा आत गेल्यावर मिनिटभर सूर लावू द्या म्हणून सरळ विचारा. समोरची नाचणारी मुलगी मोजे, त्यावर मोजे, ढगळ पँट घालून दर वीस मिनिटांनी जागच्या जागी उगाच चालत होती. पाय ताणून मिनिट-मिनिटभर तसेच धरून ठेवणाऱ्यांकडे बघून तिने नाक मुरडलं. "उडी मारताना कळेल त्यांना," म्हणाली. बरोबरच होतं तिचं. फार वेळ ताणून ठेवलेला स्नायू काही काळ जोर कमी लावतो.

या दोघांकडून मी जे शिकले ते कार्यशाळेत कुणी शिकवलं नाही. गरम व्हायचं एकदाच नसतं, गरम राहायचं असतं. पूर्ण तयारी एकदाच, तीही थोडी उशिरा. मग थोड्या थोड्या वेळाने दोन मिनिटं. ओठ फुरफुरवा, किंवा अर्ध्या ग्लास पाण्यात नळी बुडवून तिच्यातून बुडबुडे काढत सूर धरा. आवाज होत नाही, कुणाला त्रास नाही, आणि गळा जागा राहतो. कुजबुजत ओळी घोकू नका, त्याने घसा उलट ओढला जाऊ शकतो.

११ च्या सुमारास भावाने कोपराने ढोसलं. "ताई, ती बघ. तुझंच म्हणतेय."

खांबाशी उभी मुलगी माझंच स्वगत म्हणत होती. तेच शब्द, तिसऱ्या ओळीनंतर तोच थांबा, तोच हात छातीशी. मी बघत राहिले. मग जिन्यावर एक मुलगा. त्याचीही मान त्याच शब्दावर फिरली. पोटात खड्डा पडला. पॅनेल दिवसभर हेच ऐकत बसणार, त्याच थांब्यांसकट, आणि तिसरी मी!

तिथेच ठरवलं, हे म्हणायचं नाही. दुसरं एक स्वगत माझ्याकडे होतं, दोन वर्षांपूर्वी कॉलेजात केलेल्या नाटकातलं. जुनं, घासलेलं, पण आख्खं नाटक मला माहीत होतं. ती बाई कुणाशी बोलतेय, तिला काय हवंय, दाराबाहेर कोण उभंय, सगळं. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की ज्याला 'दिलेली परिस्थिती' म्हणतो ती झेरॉक्सच्या पानावर येत नाही.

आतला प्रकार सहा मिनिटांचा. पॅनेलच्या डोळ्यांत बघून बोलू नका, त्यांना लिहायचं असतं, ते अवघडतात. त्यांच्या डोक्यावरून मागे एक जागा धरा. मला मिनिटभरात थांबवलं. वाटलं, संपलं. पण थांबवणं म्हणजे नापास नव्हे. त्यांना पुरेसं दिसलेलं असतं आणि बाहेर शंभर जण असतात. मग एक बाई म्हणाल्या, "आता हेच म्हण, पण बाजूला कुणीतरी झोपलंय आणि ते जागं होता कामा नये." खरी परीक्षा ही. पहिल्या दोन ओळी मी नुसता आवाज बारीक केला आणि त्याबरोबर माझा जीवही बारीक झाला. मग डोक्यात प्रकाश पडला की राग तेवढाच ठेवायचाय, फक्त दातांमागे. पुढे विचारलं, या बोलण्याच्या लगेच आधी काय झालंय? झेरॉक्सवालं म्हटलं असतं तर मी तोंड उघडं टाकून उभी राहिले असते. घरी सराव करताना कुणालातरी असल्या विचित्र सूचना द्यायला सांगा. वेळेची मर्यादा दोन मिनिटांची असेल तर पावणेदोनात बसवा.

भावाचं थोडक्यात सांगते, कारण त्याचा दिवस चांगला गेला आणि चांगल्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं फार नसतं. त्याने पंधरा चित्रं माउंट करून नेली होती. त्यातली सहा फोटोवरून काढलेली. ती त्यांनी भराभर उलटली. फोटोवरून काढलेलं ओळखू येतं, सावल्या सपाट पडतात. थांबले ते कळकट स्केचबुकवर. तीच खुर्ची त्याने चार वेळा काढली होती, तीन वेळा चुकीची. "चौथ्यांदा काय बदललंस?" यावर दहा मिनिटं बोलणं. चांगली चित्रं निवडून स्केचबुक घरी ठेवायचं, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. चारकोलच्या चित्रांवर आठवडाभर आधी मोकळ्या हवेत फिक्सेटिव्ह (चित्र पुसू नये म्हणून मारायचा स्प्रे) मारा, मध्ये बटर पेपर घाला. आमची दोन चित्रं गाडीच्या धक्क्यांनी पुसली, एकातल्या आजोबांना मिशा फुटल्या. आधी फोटो पाठवायचे असतील तर फ्लॅश नको. ढगाळ दिवशी सावलीत, कॅमेरा कागदाला समांतर धरून काढा.

परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. आम्ही काढलं होतं. दुसऱ्या फेरीची यादी ७ वाजता लागली, गाडी ८ ची. यादीत दोघांचेही नंबर. आनंदाने ओरडायचं की तिकीट रद्द करायला पळायचं, ते कळेना. भाऊ पळाला.

आता साध्याशा खोलीत पाय बादलीत बुडवून हे लिहितेय. डोकं ठिकाणावर नाही, त्यामुळे वरचं काही जास्त ठासून म्हटलं असेल तर समजून घ्या. कार्यशाळेबद्दलचं मात्र शुद्धीवर राहून लिहिलंय. उद्याची वेळ सकाळी ९. डबा, मोजे, बुडबुड्यांची नळी पिशवीत भरून ठेवलीय, आणि मी १० शिवाय जबडासुद्धा हलवणार नाही.