कार्डावरचा मोड काढायचाय? इस्त्री बाजूला ठेवा आधी

सरळच सांगतो. क्रिकेटच्या कार्डाला एकदा मोड पडला आणि त्यातून पांढरी रेघ दिसायला लागली की ती रेघ पूर्ण कधीच जात नाही, कोणी कितीही छातीठोक सांगू द्या. पण मोड सपाट करता येतो, नजरेत भरायचा कमी होतो आणि मुख्य म्हणजे त्या जागी कार्ड पुढे आणखी उकलत नाही. माझ्यासाठी एवढं पुरे आहे, आणि एवढ्यासाठीच मी लोकांची कार्डं घेऊन बसतो.

हे लिहायचं कारण म्हणजे आपल्या हिंगणघाट-समुद्रपूर साइडला आता बरेच जण जुने खोके उघडून राहिले. कोणाकडे बिग फनच्या बबलगममधले फोटो निघतात, तेच, ज्यांच्यावर रन आणि विकेट छापलेल्या असायच्या, कोणाकडे टॉप्सचे क्रिकेट अटॅक्स, कोणाकडे शाळेतल्या ट्रम्प कार्डांची अर्धीच गड्डी. चाळिशीतले लोक आहेत हे, सोयाबीनच्या भावाचं बोलता बोलता मध्येच खिशातून सचिनचं कार्ड काढतात आणि म्हणतात, "पाह्य ना भाऊ, याचं काही होते का?" मला हे लय आवडतं. पण त्याच वेळी त्या कार्डावर आधीच काय काय प्रयोग झालेत ते दिसतं आणि जीव तुटतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणजे लॅमिनेशन. कार्ड मोडलं की झेरॉक्सच्या दुकानात न्यायचं आणि आधार कार्डासारखं प्लास्टिकमध्ये पक्कं करून आणायचं, हे इतकं सवयीचं झालंय की कोणाला त्यात काही वावगं वाटतच नाही. त्या मशीनच्या गरमीनं प्लास्टिकवरचा गोंद वितळून कार्डाच्या पृष्ठभागाला धरतो, नंतर सोडवायला गेलं की गोंदासोबत शाई पण उतरते. म्हणजे मोड तर आतमध्ये तसाच, आणि वरून कार्ड कायमचं अडकलं. दुसरी गोष्ट इस्त्री. माझा भाचा परवा उमेश यादवचं कार्ड घेऊन आला, मधोमध आडवा मोड, म्हणे "मामा, इस्त्री फिरवू काय याच्यावर?" म्हटलं थांब बे, ठेव ते खाली आधी. इस्त्रीनं वरचं वॉर्निश मऊ होऊन चिकटतं, फुगे येतात, आणि कागदात होता नव्हता तो ओलावा उडून कार्ड अजून कडक होतं, मग पुढच्या वेळी वाकलं की तिथंच तडकतं.

मोड म्हणजे नेमकं काय होतं ते एकदा समजलं की बाकी सगळं आपोआप कळतं. कार्ड म्हणजे एक सलग तुकडा नसतो. मध्ये कागदाचे थर दाबून केलेला पुठ्ठा, त्यावर पांढऱ्या मातीचा गुळगुळीत लेप, त्यावर शाई, आणि नव्या कार्डांवर सगळ्यात वर चकाकी. कार्ड वाकलं की बाहेरच्या बाजूचे कागदाचे तंतू ताणून तुटतात, आतल्या बाजूचे एकमेकांवर चढतात, आणि तो मातीचा लेप तर लवचिक नसतोच, तो चटकन तडकतो आणि शाईला घेऊन पडतो. पांढरी रेघ दिसते ती खालच्या कागदाची. आता कागदाचे तंतू पाण्याच्या ओलाव्यानं सैल होतात, त्यांची आपसातली पकड सुटते, आणि वाळताना ते ज्या स्थितीत धरून ठेवले असतील त्या स्थितीत परत पकड घेतात. म्हणजे ओलावा द्यायचा आणि वाळेपर्यंत सपाट दाबून ठेवायचं, सगळी कला एवढीच. शाईला आणि लेपाला मात्र ही सोय नाही, तुटलं ते तुटलं.

म्हणून आधी नुकसान किती आहे ते पाहायचं. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च कार्डाच्या बाजूला जवळजवळ आडवा धरा, म्हणजे उंचसखल जागेची सावली पडते. नुसता बाक असेल, रेघ नसेल, तर नशीब चांगलं. वरच्या थरावरच सुरकुती असेल आणि पाठीमागून काही दिसत नसेल तर तेही बरंच सुधारतं. दोन्ही बाजूंनी रेघ दिसली आणि शाई उडालेली असली तर आतला पुठ्ठा मोडलाय असं समजा आणि अपेक्षा कमी ठेवा. आणि काही करायच्या आधी पुढून मागून फोटो काढून ठेवा, हे विसरू नका.

नुसत्या बाकाला पाणी लावायची गरजच नाही. घर बांधताना उरलेली एखादी गुळगुळीत टाइल घ्या, त्यावर टिपकागद, मग कार्ड, मग परत टिपकागद, वर दुसरी टाइल आणि त्यावर जाड पुस्तकं. आठवडाभर हात लावू नका. बरीच कार्डं इथंच नीट होतात, लोक तेवढा धीर धरत नाहीत म्हणून पुढच्या भानगडीत पडतात.

खरा मोड असेल तर ओलावा द्यावा लागतो, आणि तो वाफेचा नको. चहाच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, कार्ड धरणारे मी पाहिलेत, वाफ एका जागी जास्त लागते, थेंब पडतो, मातीचा लेप फुगून मऊ होतो आणि मग बोटाला लागून निघून येतो. त्यापेक्षा मोठा झाकणाचा डबा घ्या, तळाशी ओला करून घट्ट पिळलेला स्वच्छ कपडा, त्याच्या वर जाळी किंवा चाळणी अशी ठेवा की कपडा कार्डाला टेकणार नाही, चाळणीवर कार्ड, आणि झाकण बंद. पाणी डिस्टिल्ड वापरा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला मिळतं ते, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे असतात की डाग राहायची भीती. दर दहा-पंधरा मिनिटांनी उघडून पाहा. कार्ड हाताला थोडं नरम लागलं, कोपरा हलक्यानं लवला, की काढा. ओलं दिसायला लागलं म्हणजे उशीर झाला. नवीन चकाकीवाल्या कार्डात ओलावा वरून शिरत नाही, तो कडांमधून शिरतो, म्हणून त्यांच्या कडा आधी फुगतात, तिथं जास्तच लक्ष पाहिजे.

मग कार्ड टाइलवर पालथं ठेवून मोडाच्या जागी बेकिंगचा बटर पेपर ठेवायचा आणि त्यावरून स्टीलच्या चमच्याची पाठ अगदी हलक्या हातानं फिरवायची, मोडाच्या बाहेरून मोडाकडे, म्हणजे वर आलेले तंतू खाली बसतात. इथं जोर लावायचा मोह होतो, तो टाळा. पुढच्या बाजूनं कोरडा चमचा घासला तर मोड बसतो खरा पण तिथं वेगळीच चमक येते, टॉर्चच्या उजेडात पट्टा दिसतो, आणि तो पट्टा मोडापेक्षा वाईट दिसतो.

त्यानंतर दाबणं. फोटोच्या बाजूला बटर पेपर आणि पाठीला टिपकागद, उलटं करायचं नाही, कारण मातीचा लेप ओलसर असताना ज्याला टेकतो त्यालाच चिकटतो. वर टाइल आणि साधारण चार-पाच किलो वजन, किराणा दुकानातली लोखंडी मापं असतील तर उत्तम. अर्ध्या तासानं टिपकागद बदला, संध्याकाळी परत बदला, मग दोन-तीन दिवस राहू द्या. जास्त वजनानं जास्त फायदा होत नाही, उलट कार्ड दबून पातळ होतं, उठावाची छपाई असेल तर ती बसते.

आपल्या हवेचं एक सांगतो, कारण इंटरनेटवरचे व्हिडिओ थंड देशातले असतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५-४६ वर जातो तेव्हा हवा इतकी कोरडी असते की डब्यातून काढून टाइलखाली ठेवेपर्यंत कार्ड वाकडं व्हायला लागतं. ऑगस्टमध्ये उलट, हवाच भिजलेली, टिपकागद सुकत नाही आणि आतमध्ये बुरशी धरते. म्हणून हे काम दिवाळी ते होळी. आणि कूलरच्या खोलीत तर कार्डं ठेवूच नका, दिवसा दमट, बंद केला की कोरडं, यात फॉइलची, म्हणजे धातूसारखा चमकता थर असलेली कार्डं हमखास वळतात, कारण कागदाची बाजू ओलावा पिऊन फुगते आणि फॉइलची नाही.

ज्या कार्डावर सही आहे त्याला ओलावा अजिबात नको. खापरखेड्याकडचा आपला उमेश, विदर्भातून कसोटी खेळलेला पहिला खेळाडू, २०११ मध्ये दिल्लीत. जामठ्याच्या स्टेडियमवर त्याची सही घेतलेले लोक आहेत आपल्यात. वासिम जाफरची घेतलेले आहेत, ज्यानं विदर्भाकडून २०१८ च्या इराणी ट्रॉफीत चाळिशीत २८६ मारले, तेही नागपुरातच. अशा सहीची शाई एकदा पसरली की गेली. मोड राहू द्या, सही वाचवा. माझं तर म्हणणं आहे की त्या कार्डावरचा मोड पण तुमच्याच खिशातला आहे, राहिला तर काय बिघडलं.

आता विकायचं. इथं मी कडक आहे. घडी दाबून सपाट केलेलं कार्ड विकताना समोरच्याला सांगायचंच, आधीचे फोटो दाखवायचे. पीएसएसारख्या ग्रेडिंग कंपन्या, म्हणजे कार्ड तपासून त्याच्या अवस्थेप्रमाणे १ ते १० नंबर देणाऱ्या, छेडछाड केलेल्या कार्डाला नंबरच देत नाहीत, कडा कापणं, रंग भरणं, मोड लपवायला कागदाशी केलेली कारागिरी, सगळं त्यात येतं. उलट प्रामाणिक मोडाला त्यांच्याकडे जागा आहे, हलका मोड असलेलं कार्ड ४ पर्यंत जाऊ शकतं. पांढऱ्या रेघेवर स्केचपेन फिरवणारे असतात, त्यांना हात जोडून सांगतो, नका करू. जगातलं सगळ्यात गाजलेलं बेसबॉल कार्ड, होनस वॅगनरचं, पीएसएनं ग्रेड केलेलं पहिलंच, ८ नंबरचं, ते कडा कापलेलं होतं हे विकणाऱ्या बिल मास्ट्रोनं २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. एवढी वर्षं लोक त्याच कार्डाच्या देखणेपणासाठी लाखो डॉलर मोजत होते. खरेदी करणाऱ्याचा भरवसा असा गेला की सगळ्या छंदालाच त्याचा फटका बसतो, आणि आपल्याकडे तर हा छंद आत्ता कुठे उभा राहून राहिला.

गड्डीला रबर लावणं बंद करा, उन्हाळ्यात ते वितळून कडेला चिकटतं आणि मधोमध खाच पाडतं. प्रत्येक कार्डाला पातळ स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, चांगल्या कार्डाला टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं कव्हर, आणि पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यात येतात त्या पण चालतात, फक्त कार्डाला टेकू देऊ नका.

बिग फनवाल्यांसाठी वेगळं सांगतो. तो कागद फार पातळ आहे, त्याला डब्यातला ओलावा मिनिटांत लागतो, चमचा तर लावूच नका, नुसतं टिपकागदात दाबा. कोणाकडे असतील तर दिवाळीनंतर घेऊन या, सोबत बसून करू, पैसे वगैरे काही नाही. त्याआधी फोटो पाठवा, पण उजेड बाजूनं पाडून काढा, समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत मोड दिसतच नाही.