ट्यूबमधलं रक्तही साखर खातं

रक्त शरीराबाहेर आलं म्हणून त्यातल्या पेशी थांबत नाहीत. ट्यूबमध्येही त्या साखरेवरच जगतात आणि नेहमीच्या तापमानाला तासाला साधारण 5 ते 7 टक्के साखर संपवतात. मी ठाण्यात वर्तकनगर, पाचपाखाडी भागात सकाळी घरोघरी फास्टिंगचं रक्त घ्यायला जाते. पाचपाखाडीतल्या एक आजी दर वेळी म्हणतात, "बस गं, चहा टाकते." मी म्हणते, "नको आजी, तेवढ्यात तुमची साखर कमी भरेल."

तांबडी पेशी ऑक्सिजन वाहते, पण तिला मायटोकॉन्ड्रिया (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग) नाहीत, त्यामुळे तो तिला स्वतःला वापरता येत नाही. तिचं पोट फक्त ग्लायकोलिसिसवर, म्हणजे साखर (ग्लुकोज) पायरीपायरीने तोडून ऊर्जा काढण्यावर. या दहा पायऱ्यांत आधी पदरचं घालावं लागतं: पहिल्या पायरीला एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं नाणं), तिसरीला आणखी एक. मग सहा कार्बनचं ग्लुकोज तुटून तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. सातव्या पायरीला दोन एटीपी मिळतात, म्हणजे घातलेले वसूल. दहाव्या पायरीला मिळणारे दोन हीच खरी कमाई. मायटोकॉन्ड्रिया असलेल्या पेशीला एका ग्लुकोजमागे तीसेक एटीपी मिळतात. तांबडी पेशी या दोनांवर सुमारे 120 दिवस काढते. मला तिचं फार कौतुक वाटतं.

आता साखरेच्या तपासणीसाठीची राखाडी टोपणाची ट्यूब. तिच्यातलं सोडियम फ्लोराइड इनोलेज या एन्झाइमला अडवतं, आणि इनोलेजचं काम नवव्या पायरीवर. म्हणजे कमाई बंद, पण पहिली पायरी उघडीच! पेशी ग्लुकोज आत घेऊन त्यावर एटीपी खर्च करतच राहते. इकडे पेशीतलं सोडियम बाहेर काढणाऱ्या तिच्या पंपालाही एटीपी लागतं. ते आटलं की मगच पहिली पायरी थंडावते. म्हणून फ्लोराइड असूनही पहिला तास-दोन तास साखर उतरते.

फास्टिंग 126 किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाचा विचार होतो. तासाभरात 128 ची 121 झाली, तर रिपोर्ट वाचणारा निर्धास्त होतो. माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकले की मला त्याचीच धास्ती.

ट्यूब लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवणं आणि अर्ध्या तासात प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) वेगळा करणं, हे उत्तम. घरी रक्त देत असाल तर ट्यूब थंड ठेवणार का, लॅबला किती वाजता पोचणार, हे जरूर विचारा. मला कुणी विचारलं की बरं वाटतं.