चार नावांचा हद्दीचा दगड

सीरियाच्या दक्षिण भागात, हौरान आणि गोलानच्या शिवारांत, काळ्या बसाल्टचे ओबडधोबड दगड सापडले आहेत. इसवी सन 297च्या सुमाराचे, दोन गावांच्या हद्दीवर रोवलेले. मजकूर ग्रीकमध्ये, आणि कुठल्याही महसूलवाल्याला चटकन कळेल असा: अमुक आणि तमुक गावांच्या शेतांची ही सीमा, सम्राटांच्या हुकुमावरून, पुष्कळदा शेवटी मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव. रोमचे सम्राट मात्र एक नाही, चार. डायोक्लीशन आणि मॅक्सिमियन हे थोरले, त्यांना ऑगस्टस म्हणत. कॉन्स्टँशियस आणि गॅलेरियस हे धाकटे, ते सीझर.

माझी सगळी नोकरी ठाण्यात महसूल खात्यात गेली. अव्वल कारकून झाले, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. रोमचा इतिहास वाचायला लागले ती निवृत्तीनंतर, मराठी ग्रंथसंग्रहालयात रोजची बैठक जमली तेव्हापासून. या चौघांबद्दल लिहिणारे बहुधा राजवाड्यांपासून सुरुवात करतात. मला त्यांचा कारभार दगडापासून समजला.

आधी थोडी पार्श्वभूमी. 235 ते 284 या पन्नास वर्षांत रोमच्या गादीवर वीसहून अधिक सम्राट आले, आणि बहुतेक सगळे मारले गेले. कारण उघड होतं. सरहद्द ऱ्हाईनपासून युफ्रेटिसपर्यंत. जिथे सम्राट हजर नाही तिथलं सैन्य आपल्याच सेनापतीला सम्राट करून मोकळं होई. डायोक्लीशनही असाच सैन्याने निवडलेला, डाल्मेशियातल्या (आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या) साध्या घरातला. 284 साली सत्तेवर आल्यावर त्याने ओळखलं की एकट्याने हे जमणार नाही. 286मध्ये मॅक्सिमियनला त्याने बरोबरीचा दर्जा दिला आणि 1 मार्च 293 रोजी दोन सीझर नेमले.

ही वाटणी नव्हती, हे ठासून सांगायला हवं. राज्य एकच, कायदे निघायचे ते सर्वांच्या नावाने, आणि शेवटचा शब्द डायोक्लीशनचा. फायदा काय झाला ते पुढच्या चार-पाच वर्षांतच दिसतं. 296मध्ये कॉन्स्टँशियसने बंडखोरांच्या हातून ब्रिटन परत घेतलं. मॅक्सिमियन उत्तर आफ्रिकेत मूरांशी लढत होता. अलेक्झांड्रियात बंड झालं, त्या शहराला डायोक्लीशन स्वतः वेढा घालून बसला. गॅलेरियस इराणच्या नर्सेह बादशहाकडून आधी सपाटून हरला, पण 298मध्ये त्याने त्याच बादशहाचा पुरता पराभव केला. चार आघाड्या पेटलेल्या, आणि चौघांपैकी एकानेही दुसऱ्याची पाठ वळलेली बघून त्याच्या जागेवर डोळा ठेवला नाही. मागच्या पन्नास वर्षांनंतर हे केवढं मोठं होतं!

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. साम्राज्यात पन्नासच्या आसपास प्रांत होते, ते डायोक्लीशनने जवळजवळ दुप्पट केले. त्यांच्यावर बारा विभाग नेमले, प्रत्येकावर एक अधिकारी. बहुतेक प्रांतांत सुभेदाराच्या हातून फौज काढून घेतली. त्याच्याकडे राहिला न्याय आणि वसुली. लॅक्टँशियस नावाच्या ख्रिस्ती लेखकाने यावर कडाडून टीका केली आहे: प्रांतांचे तुकडे पाडले, कर देणाऱ्यांपेक्षा करावर जगणारे जास्त झाले. त्याच्या रागाला कारण होतं. पण मी जिल्हा तुटताना आतून पाहिला आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, पंधरापैकी आठ तालुके तिकडे गेले. रेकॉर्ड रूममध्ये रुमालात बांधलेले गठ्ठे सोडून तालुकेनिहाय लावायचे, यादी करायची, पुन्हा बांधायचे. धुळीने घसा बसायचा. त्याआधी मोखाड्याच्या माणसाला अपिलाच्या तारखेला ठाण्यात यायचं तर पहाटेची एसटी, मग कसाऱ्याहून लोकल. पुढची तारीख पडली की त्याचा दिवसही बुडाला आणि मजुरीही. म्हणून लॅक्टँशियसचं ऐकून घेतलं तरी माझं मत बदलत नाही. कचेरी माणसाच्या जवळ न्यावी, ती लांब ठेवून कोणाचं भलं होत नाही.

कराची आकारणी तर वाचतच राहावी अशी. सीरियातला एक कायदेग्रंथ तिचे दर देतो. कराचं एक एकक भरायला द्राक्षमळा 5 युगेरा पुरे. पेरणीची उत्तम जमीन 20, मध्यम 40, हलकी 60. एक युगेरम म्हणजे आपले साधारण 25 गुंठे. म्हणजे तीन एकरांच्या जरा वर द्राक्षं आणि साडेसदतीस एकर हलकं रान, दोघांवर कर सारखाच. आमच्याकडे भातजमीन वेगळी, वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन वेगळी, तिची आकारणी वेगळी, तसंच हे. त्या दगडांचं कामही हेच: कुठल्या गावाने कुठवरच्या जमिनीचा कर भरायचा.

त्याचं सगळंच चांगलं म्हणणार नाही. 301मध्ये हजारावर वस्तूंचे कमाल भाव ठरवून, मोडणाऱ्याला देहदंड लावला. माल बाजारातून गायब झाला. 303पासून ख्रिस्ती लोकांचा छळ केला, तो अक्षम्य आहे. इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांनी त्याच्या राज्यारोहणाच्या वर्षापासून आपला हुतात्म्यांचा शक मोजला, यातच सगळं आलं.

आणि वारसा. 1 मे 305 रोजी दोघा थोरल्यांनी एकाच दिवशी पद सोडलं, डायोक्लीशनने आजच्या तुर्कस्तानातल्या निकोमीडियाजवळ, मॅक्सिमियनने मिलानमध्ये. धाकटे दोघे आता थोरले होणार, आणि त्यांच्या जागी नवे सीझर जाहीर व्हायचे होते. निकोमीडियाबाहेरच्या टेकाडावर सैन्य जमलं होतं. कॉन्स्टँशियसचा मुलगा कॉन्स्टंटाईन तिथे उभा, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. लॅक्टँशियस सांगतो की गॅलेरियसने हाताने त्याला मागे सारलं आणि आपला भाचा डाया याला पुढे ओढलं. डायोक्लीशनने अंगावरचं, सम्राटपदाची खूण असलेलं जांभळं वस्त्र काढून डायाच्या खांद्यावर घातलं. मॅक्सिमियनचा मुलगा मॅक्सेंशियसही असाच डावलला गेला. लॅक्टँशियस कॉन्स्टंटाईनच्या बाजूचा, हे लक्षात ठेवूनच हे वाचावं. पण चूक कुठे झाली ते दिसतं. डायोक्लीशनला मुलगा नव्हता. सैनिकांना मात्र सेनापतीचा मुलगाच धनी वाटत होता. 25 जुलै 306 रोजी यॉर्कमध्ये कॉन्स्टँशियस वारला आणि त्याच्या फौजेने तिथेच कॉन्स्टंटाईनला सम्राट केलं. ऑक्टोबरात रोममध्ये मॅक्सेंशियस उठला. 308मध्ये डॅन्यूबकाठच्या कार्नंटमला बैठक झाली, डायोक्लीशनला निवृत्तीतून बोलावलं, तरी पुढे सहा-सहा जण स्वतःला सम्राट म्हणवत होते.

मला सर्वांत लागतं ते व्हॅलेरियाचं. डायोक्लीशनची मुलगी, गॅलेरियसची बायको. नवरा वारल्यावर डायाने तिला लग्नाची मागणी घातली. नाही म्हणाली म्हणून हद्दपार केलं. डाल्मेशियात स्प्लिटच्या वाड्यात निवृत्त होऊन राहिलेला बाप निरोप पाठवत राहिला, तिला माझ्याकडे पाठवा. ज्याच्या खांद्यावर त्याने स्वतः ते वस्त्र घातलं होतं, त्याने ऐकलं नाही. पुढे लिसिनियस या दुसऱ्या सम्राटाच्या हुकुमाने ती आणि तिची आई दोघी मारल्या गेल्या.

324मध्ये कॉन्स्टंटाईन एकटा उरला. पण त्याने जुने मोठे प्रांत परत आणले नाहीत. मुलकी आणि फौजी कारभार वेगळाच ठेवला. कर-आकारणीचं पंधरा वर्षांचं चक्र 312पासून मोजलं जाऊ लागलं, आणि साम्राज्याची पश्चिम बाजू कोसळून कित्येक शतकं लोटली तरी युरोपातले दस्तलेखक दस्तावर तारखेबरोबर त्या चक्राचं कितवं वर्ष आहे ते लिहीत होते.